सतरा नावांचं रान: दापोली तालुक्यातल्या एका तोडीचं प्रकरण

वनशास्त्राच्या चौथ्या वर्षाला मुलं कार्यानुभवासाठी बाहेर पडतात. एकेकाला एखादं गाव किंवा वनपरिक्षेत्र मिळतं आणि सत्र संपताना अहवाल येतो. बहुतेक अहवाल एकमेकांसारखे असतात: प्रजातींची यादी, घेराचे तक्ते, शेवटी चार शिफारशी. हा अहवालही तसाच झाला असता. पण या विद्यार्थिनीने निवडलेलं रान तिच्याच घरचं होतं, आणि ते विकायची बोलणी सुरू झाली होती.

मी तिचा मार्गदर्शक होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांत माझाही वाटा आहे. तिचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव केळशी-आंजर्ले रस्त्यापासून आत, डोंगराच्या उतरणीवर. वरून समुद्र दिसतो, खाली भाताची खाचरं.

रान १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकरांना जरा कमी. सातबाऱ्यावर कुठेही जंगल हा शब्द नाही. जमीन 'वरकस' म्हणून लागलेली. ज्यांना कोकण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वरकस म्हणजे भात न होणारी चढाची जमीन. पूर्वी तिथे नाचणी-वरी व्हायची, मग काही वर्षं ती मोकळी सोडायची आणि झाडं आपोआप वर यायची. नाचणी बंद झाली, माणसं मुंबईला गेली, झाडं तेवढी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यात जे रान डोळ्यांना दिसतं त्यातलं बहुतेक असं खाजगी मालकीचं आहे. सरकारी राखीव वन इथे फारच थोडं.

आम्ही शिकवतो ती विद्या मात्र सरकारी जंगलात जन्मली. १८६४ साली ब्रँडिस देशाचे पहिले वन महानिरीक्षक झाले, १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली. कार्य आयोजना (म्हणजे जंगलाच्या कामाचा लेखी आराखडा), कक्ष क्रमांक, तोडीचं चक्र हे सगळं त्याच घरातलं. तिथे मालक एक, सही एक. माझ्या विद्यार्थिनीच्या रानाला सतरा मालक होते, आणि तोड झाल्यावर खुंटांना नवे फुटवे कसे येतात हे बघायला त्यांतला एकही जाणार नव्हता. या दोन गोष्टी आम्ही तिला वर्गात धडपणे शिकवल्या नव्हत्या.

बोलणी

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवर ज्यांच्या घरावर कौलं राहिली ते नशीबवान. थोरल्या काकांच्या घराचं आढं मोडलं. तात्पुरते पत्रे टाकले, आणि कोकणात तात्पुरतं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पुढचा एक पावसाळा त्या पत्र्यांच्या ताशातच गेला. काकांना परत कौलारू छप्पर करायचं होतं. त्याला वासे हवेत, रिपा हव्यात आणि सुताराला पैसे हवेत.

ठेकेदार दिवाळीनंतर आला. रानातून एक फेरी मारली, मोजलं काहीच नाही, आणि उक्ते नव्वद हजार म्हणाला. सगळं तोडून नेणार, रस्ता तोच काढणार, परवान्याचं तोच बघणार. लाकूड ट्रकने घाटावर जातं, बॉयलरला जळण म्हणून. असा व्यवहार किनाऱ्यावर दर दहा-बारा वर्षांनी होतो. हे रान याआधी कधी तुटलं होतं, असं तिने काकांना विचारलं. उत्तर साल सांगून आलं नाही. "तुझ्या धाकट्या काकाचं लगीन झालं त्या वर्षी. मांडवाला लाकूड तिथलंच होतं." लग्नपत्रिका सापडली आणि रानाचं वय कळलं: बारा वर्षं.

नव्वद हजार ऐकायला बरे वाटतात. आजोबांच्या पश्चात तीन घरं, प्रत्येकाला तीस हजार. एका घरात पाच नावं, म्हणजे माणशी सहा हजार. हा भागाकार तिने केला तेव्हा घरात कोणीच तो केलेला नव्हता.

रानात

तिने शंभर चौरस मीटरचे दहा चौकोन आखले. दोरी नायलॉनची, खुंट्या निरगुडीच्या. सगळे मिळून ०.१ हेक्टर, म्हणजे रानाचा बारावा हिस्सा. छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरला, घेर घेतला. दहा चौकोनांत झाडाची मुळं ६१ ठिकाणी भेटली, पण खोडं २१४. म्हणजे साधारण प्रत्येक मुळावर साडेतीन खोडं. बी पडून उगवलेलं झाड ६१ पैकी फक्त नऊ ठिकाणी; बाकी सगळे जुन्या खुंटांचे फुटवे. ऐन २४, किंजळ १७, मग जांभूळ, कुंभा, असाणा, नाणा, कडेला दोन खैर.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो जानेवारीचा शेवट असेल. लांबून रान भरगच्च दिसत होतं. एका ऐनापाशी तिने मला बसायला लावलं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकटी-चौकटीची. ती ओळखायला वनशास्त्र लागत नाही. या ऐनाला चार खोडं होती आणि चारही गुडघ्याच्या उंचीवरून निघालेली. मधोमध जुना खुंट, वरून सपाट कापलेला, आत कुजून त्याची वाटी झालेली. वाटीत काळं पाणी, त्यात मागच्या पावसाळ्याची पानं. तिने कोयत्याचं टोक घातलं तर ते मुठीपर्यंत सहज गेलं. चारपैकी दोन खोडं बुंध्याशी चिरलेली होती.

बारा वर्षांपूर्वी लाकूडतोड्याला वाकायचं नव्हतं, एवढीच या वाटीची कथा. गुडघ्याला कापलं की डोळे, म्हणजे कोंब, वर फुटतात, फुटवा खुंटाच्या सालीला चिकटून वाढतो, स्वतःची मुळं धरत नाही, आणि जड झाला की वाऱ्याने उपटतो. वीतभर उंचीवर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, साल न फाटू देता कापलं तर पाणी साचत नाही आणि फुटवा जमिनीजवळून येतो. पाठ्यपुस्तकात याला चार ओळी आहेत. परीक्षेत दोन गुणांना विचारतात. पण कोकणातल्या खाजगी रानाचं पुढलं अख्खं चक्र या चार ओळींवर उभं आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. इथे नवीन झाड कोणी लावत नाही, जुन्या मुळावरच सगळा संसार चालतो.

ओहोळाच्या काठाला एक बेहडा होता, घेर ३.४ मीटर. तो कोणत्याच चौकोनात आला नाही, म्हणून तक्त्यातही नाही. ठेकेदाराने त्यावर कोयत्याचा दांडा मारून बघितला होता: "पोकळ आहे, याचे पैसे नाहीत." याच कारणाने तो आधीच्या तोडीतूनही वाचला असणार. मार्चमध्ये त्याच्या ढोलीशी धनेशाचा नर येता-जाताना तिला दिसला. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि बाहेरच्या नरावर पोसली जाते, हे तिला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं, फक्त ते कधी बोलले नव्हते. एक गंमत अशी की १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागते त्या झाडांच्या यादीत, सोळा नावं आहेत: साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा वगैरे. हिरडा आहे, बेहडा नाही. रानातलं सगळ्यात मोठं झाड त्या यादीत बसतच नव्हतं.

घनफळाचा घोळ

तिने हिशेब मांडला आणि काकांना सांगितलं की रानात ठेकेदार म्हणतो त्याहून बरंच जास्त लाकूड आहे. काकांनी त्याच जोरावर ठेकेदाराला फोन केला. तो आला, त्याच्याबरोबर एक म्हातारा मापाडी. मापाड्याने एका किंजळाला सुतळी गुंडाळली, ती चार पदरी दुमडली, फुटपट्टीला लावली आणि म्हणाला, पंधरा.

घेर ६० सेंटीमीटर, कामाची लांबी ४ मीटर. व्यापारात घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात: ०.१५ गुणिले ०.१५ गुणिले ४, म्हणजे ०.०९ घनमीटर. तिने खरं वर्तुळ धरून काढलं होतं ते ०.११५ च्या जवळ. फरक एकवीस-बावीस टक्क्यांचा, आणि तो प्रत्येक खोडावर. तिचं गणित बरोबर होतं, पण बाजार त्या गणिताने चालत नाही. चौथाई घेराची रीत आम्ही दुसऱ्या वर्षी शिकवतो. तिने कुठली रीत वापरली ते मी अहवालात तपासायला हवं होतं, तपासलं नाही.

त्याहून मोठी चूक दुसरीच होती. यातलं बहुतेक लाकूड जळाऊ. ते घनमीटरवर जातच नाही, टनावर जातं, आणि टनात पाणीही मोजलं जातं. ओलं लाकूड लगेच उचललं तर एक वजन, महिनाभर रचून ठेवलं तर दुसरं. ठेकेदार हे सगळं डोळ्याने धरतो. तो हसला नाही, उलट बराच वेळ तिला समजावत बसला. पण काकांचा चेहरा पडला आणि त्यानंतर काही दिवस "बाय, झाडं मोजून काय मिळायचं?" हे वाक्य घरात वारंवार यायला लागलं.

काजूचा प्रस्ताव

मधल्या घरातला चुलतभाऊ विरारला असतो. त्याचं म्हणणं, अर्धवट कशाला, सगळं साफ करा आणि वेंगुर्ला-४ नाहीतर वेंगुर्ला-७ काजू लावा. म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळायला लागलं आणि कोकणातली कितीतरी वरकस आंबा-काजूखाली गेली. अनेकांचं बरं झालं.

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. तो शिमग्याला गावी आला तेव्हा त्याच्या हातात पहार दिली आणि वरच्या अंगाला तीन खड्डे काढायला सांगितलं. पहिल्या दोन ठिकाणी वीतभर मातीखाली जांभा लागला, पहार टणकन उडाली. तिसऱ्या ठिकाणी हातभर माती मिळाली. जांभ्यात काजू होत नाही असं नाही. कातळ फोडून, माती भरून होतो. मग पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला, बेणणी करा म्हणजे तण काढा, वणव्यापासून राखा. पाणी ओहोळातून वर कोण नेणार, यावर तो स्वतःच गप्प झाला. गावात राहणारे फक्त काका-काकू, दोघंही साठीपुढची. खड्डे त्याने स्वतः काढले म्हणून पटलं, असं मला वाटतं. माझ्या पत्रकाने पटलं नसतं.

जे ठरलं

पुस्तकी भाषेत सांगायचं तर राखीव झाडांसह फुटवा पद्धत. घरच्या भाषेत असं: वरचा अर्धा हेक्टर तोडायचा. ओहोळाच्या दोन्ही अंगांना हात लावायचा नाही, बेहडा तिथेच येतो. तोडीच्या पट्ट्यात बी पडून आलेली सगळी झाडं आणि मधूनमधून सरळ वाढलेली आणखी काही राखायची, त्यांना गेरूचा पट्टा. खाचरांच्या बांधावरचे वीस ऐन कवळासाठी, म्हणजे पानांसकट टहाळ तोडायला, ठेवायचे. इथे माझी आणि तिची चकमक झाली. मी 'जैविक दाब' (माणसांचा-गुरांचा रानावरचा ताण) असं काहीतरी लिहा म्हणालो होतो. ती म्हणाली, सर, ते टहाळ राबाला जातात, रोपवाटिकेच्या जमिनीवर पसरून तो राब भाजल्याशिवाय काकांची भाताची रोपं होत नाहीत, त्याला दाब काय म्हणायचं? ती ओळ काढली.

छपरासाठी सव्वीस किंजळ काकांचे, ते ठेकेदाराने तोडून बाजूला रचून द्यायचे. आणि सगळे खुंट वीतभर उंचीवर.

ठेकेदाराला हे परवडत नव्हतं. रस्त्याला जेसीबी लागतो तो अर्ध्या हेक्टरलाही तेवढाच. शेवटी तीस हजारांवर आला. घरटी दहा हजार. क्षेत्राच्या मानाने हा दर कमीच होता आणि अहवालात तो तसाच लिहिला आहे. उरलेलं रान पुढे तुटेल तेव्हा रस्ता तयार असेल, हा त्यातला नफा. पण तो पुढचा.

आत्याची सही

ऐन, किंजळ, जांभूळ अनुसूचित, म्हणून परवानगीचा अर्ज. सोबत सातबारा, नकाशा, झाडांची यादी, सगळ्या हिस्सेदारांची संमती. तिने संमतीपत्रं तयार केली. नऊ. वनपालांनी सातबारा उलगडून बोटाने नावं मोजली: सतरा.

उरलेली आठ कोण? दोन मयत, वारस नोंद झालेली नाही. तीन चुलतभाऊ बदलापूरला, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. तीन आत्या. आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलींची नावं लागली होती, पण घरात ते कोणाच्या ध्यानातच नव्हतं. वनशास्त्राची चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी २१४ खोडं एकेक करून मोजते आणि सातबाऱ्यावरच्या स्वतःच्या आत्या तिच्या मोजणीतून सुटतात. हे मी तिला दोष द्यायला लिहीत नाही. आमच्या कार्यानुभवाच्या छापील नमुन्यात मालकीसाठी एकच रकाना होता: 'मालकाचे नाव'.

दोघी आत्यांनी सह्या दिल्या. पनवेलच्या थोरल्या आत्यांनी दिली नाही. माझी विद्यार्थिनी त्यांना भेटायला गेली. आत्यांनी चहा दिला, पोहे दिले, आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या रानातली करवंदंसुद्धा कोणी पाठवली नाहीत. आता सही पाहिजे म्हणून माहेर आठवलं." पैशाचा विषय त्यांनी काढलाच नाही. पुढल्या खेपेला काका स्वतः एसटीने गेले. काय बोलणं झालं ते तिलाही कळलं नाही, पण सही आली. यात आणि मयतांच्या वारस नोंदींत मिळून दोन महिने गेले.

या दोन महिन्यांची किंमत झाडांनी मोजली. तोड फेब्रुवारीत व्हायची ती एप्रिलच्या अखेरीस झाली. तोवर ऐनाला पालवी आलेली. मुळांतला साठा पानांत चढल्यावर झाड तोडलं की खुंटात जोर कमी उरतो. शिवाय वळवाचा पाऊस आला, ट्रक रुतला, टोळीला घाई झाली. पहिले तीन दिवस ती रानात उभी होती तेव्हा खुंट वीतभर कापले गेले. चौथ्या दिवसापासून तिची परीक्षा होती. त्या दिवसानंतरचे खुंट गुडघ्याला.

ऑक्टोबर

वरच्या पट्ट्यात तीनशेच्या आसपास खुंट. तिने साठांवर पत्र्याचे क्रमांक ठोकले होते, चाळीस खाली कापलेले, वीस वर कापलेले. पावसानंतर खालच्या चाळीसपैकी सदतीस फुटले, वरच्या वीसपैकी सोळा. संख्या लहान आहे, एकाच उताराची आहे, यावरून कोणी सूत्र काढू नये. फुटलेल्या सोळांपैकी अकरांचे फुटवे मात्र खुंटाच्या तोंडाशी होते आणि चारांचे पावसाळ्यातच मोडून पडले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

छप्पर गणपतीआधी झालं. सव्वीसपैकी बावीस किंजळ वाशांना लागले, चार गोठ्याला. ओले वापरल्याने दोन पिळले. सुतार तसं आधीच म्हणाला होता.

आता पुढली पायरी विरळणीची. एकेका खुंटावर आठ-दहा फुटवे येतात, सगळे ठेवले तर सगळेच काटक्या राहतात. वर्ष-दोन वर्षांत त्यांतले जोमाचे दोन राखून बाकी काढायचे. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला, पदवी हातात आल्यावर, ती कोयता घेऊन वर गेली. काका मागोमाग आले आणि एका खुंटापाशी उभे राहिले. आठ फुटवे, माणसाच्या उंचीचे, सरळ. तिने सहा काढले.

"आत्ता कुठे आलंय आणि परत कापतेस?"

तिने कारण सांगितलं. ते ऐकून घेतलं की नाही ते कळलं नाही. त्यांनी पडलेला एक फुटवा उचलला, गुडघ्यावर वाकवून बघितला, मग दुसरा. खांद्यावरचं पंचाचं टोक सोडून त्याने सहाही बांधले. दुपारपर्यंत अशा चार मोळ्या झाल्या आणि संध्याकाळी परसात पडवळाचा मांडव उभा राहिला.

रात्री जेवताना ते म्हणाले, "खालच्या अंगाचे कधी काढणार? काकडीलाही काठ्या लागतील."

खालच्या अंगाला अजून तोडच झाली नव्हती. तिने ते सांगितलं, तर म्हणाले, "मग पनवेलला आधी फोन लाव."